समाजकार्य : पुण्यकर्म आणि पेशा

पदवीचा निकाल हाती आला की आपल्या व्यापारी घरांमध्ये पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. सनदी लेखापालाचा अभ्यास, व्यवस्थापनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, नाहीतर सरळ पेढीवर बसणे, या वाटा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अशा घरातील एखादी मुलगी जेव्हा 'मला समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करायचे आहे' असे सांगते, तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरते. मग दोन प्रश्न हमखास विचारले जातात. समाजसेवा तर आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत, ती शिकायला महाविद्यालयात कशाला जायचे? आणि सेवा करून वेतन घ्यायचे, हे आपल्या संस्कारात बसते काय? तिसरा प्रश्न कोणी उघड विचारीत नाही, पण तो मनात असतोच : उद्या स्थळ पाहताना मुलीचे काम काय म्हणून सांगायचे?

हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाच्या दर्शनाला आपल्यापैकी अनेक जण जातात. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या गडचिरोलीच्या अरण्यात गेल्या पाऊणशे वर्षांत सेवेचे जे प्रयोग झाले, ते देशभरातील समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकासारखे आहेत.

दान देणाऱ्यांनीच उभारलेली शाळा

समाजकार्याचे औपचारिक शिक्षण भारतात १९३६ साली मुंबईत सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने स्थापन झालेल्या विश्वस्त निधीतून ही शाळा उभी राहिली आणि नागपाडा येथील वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅनशर्ट हे तिचे पहिले संचालक झाले. हीच संस्था पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध झाली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथे एक गोष्ट व्यापारी वाचकांनी ध्यानात घ्यावी. एका मोठ्या उद्योगी घराण्याच्या दानातून जी संस्था जन्माला आली, ती दान वाटण्याचे केंद्र नव्हते. माणसाला साहाय्य कसे करावे, याचे शास्त्र शिकविणारी ती शाळा होती.

विदर्भातही हाच क्रम दिसतो. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली नागपुरात मातृसेवा संघाची स्थापना केली आणि बाळंतिणींच्या सेवेचे मोठे काम उभारले. त्याच संघाने १९५८ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. आधी सेवा आणि मग सेवेचे शिक्षण, असा हा प्रवास आहे. पुढे चंद्रपूरजवळ पडोली येथे सुशीलाबाई रामचंद्रराव मामीडवार समाजकार्य महाविद्यालय आणि गडचिरोलीत फुले-आंबेडकर समाजकार्य महाविद्यालय उभे राहिले. २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. त्यामुळे या शिक्षणासाठी मुलांनी नागपूर किंवा मुंबई गाठलीच पाहिजे, अशी स्थिती आता राहिलेली नाही.

वर्गात काय शिकवितात, रानात काय शिकावे लागते

या अभ्यासक्रमाच्या मुळाशी सहा पद्धती आहेत : व्यक्तिसाहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक कृती आणि समाजकार्य संशोधन. त्यांच्या जोडीला मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदे आणि लोकसंख्येचे प्रश्न असतात. परंतु या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. साधारणपणे आठवड्यातील दोन दिवस विद्यार्थी एखाद्या रुग्णालयात, बालगृहात, कामगार वस्तीत किंवा खेड्यात काम करतात. तेथे काय पाहिले, कोण काय म्हणाले, आपण काय केले आणि तसे का केले, याचा लेखी अहवाल त्यांना प्रत्येक वेळी द्यावा लागतो. मार्गदर्शक प्राध्यापक तो अहवाल वाचतात आणि विद्यार्थ्याला समोर बसवून प्रश्न विचारतात. व्यापाऱ्याच्या मुलाला ही रीत परकी वाटू नये. रोजमेळ रोज लिहिला नाही तर महिनाअखेर हिशेब जुळत नाही. येथेही तसेच आहे.

या पेशाची काही तत्त्वे आहेत. समोरच्या माणसाला तो आहे तसा स्वीकारणे, त्याची माहिती गुप्त राखणे, त्याच्यावर निवाडा न देणे आणि स्वतःविषयीचा निर्णय त्याचा त्याला घेऊ देणे. जैन घरात वाढलेल्या विद्यार्थ्याला यांतील बरेच काही ओळखीचे वाटेल. बोलताना कोणाला इजा होऊ नये, अनावश्यक शब्द उच्चारू नये, ही भाषा समितीची शिकवण पहिल्या गृहभेटीतच उपयोगी पडते. एकाच गोष्टीला अनेक बाजू असतात, हा अनेकांताचा विचार पती-पत्नीच्या वादात समुपदेशकाला रोज लागतो. मात्र तत्त्व ठाऊक असणे आणि समोर मद्याच्या नशेतील माणूस बसलेला असताना ते पाळणे, यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कापण्यासाठीच दोन वर्षांचे शिक्षण असते.

तीन धडे

पहिला धडा शोधग्रामचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. त्यांनी 'सर्च' ही संस्था उभारली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असा प्रश्न त्यांनी आदिवासींनाच विचारला. मोठ्या इमारती, पांढरे कपडे घातलेली माणसे आणि न समजणारी भाषा यांची भीती वाटते, असे उत्तर मिळाले. म्हणून रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले आणि लोकांच्या देवीवरून त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. पुढे गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे आशा कार्यकर्तींमार्फत अशी गृहभेटींची पद्धत देशभर स्वीकारली गेली. हे काम डॉक्टरांचे खरे, पण त्याची रीत समाजकार्याची आहे : आधी विचारा, मग मोजा, मग लोकांच्याच हाती कौशल्य द्या.

दुसरा धडा हेमलकशाचा. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया गोंडांची भाषा शिकून रुग्णसेवा आणि शाळा उभी केली. २००८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथील वन्यप्राण्यांच्या अनाथालयाची कथा जीवदयेचा विचार मानणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या जवळ मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉक्टरांना दिसले. त्यांनी शिकाऱ्यांना पापपुण्याचे प्रवचन दिले नाही. ही शिकार भुकेपोटी आहे, हे त्यांनी ओळखले, धान्य देऊन पिल्लू मागून घेतले आणि यापुढे अशी पिल्ले आणून देण्याची विनंती केली. भूक समजून घेतल्यावाचून अहिंसेचा शब्द तेथे पोहोचला नसता.

तिसरा धडा मेंढा (लेखा) या धानोरा तालुक्यातील गोंड गावाचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी हे गाव जोडलेले आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तेथील घोषणा सर्वत्र ठाऊक झाली. परंतु घोषणेहून महत्त्वाची आहे ती पद्धत. गावात अभ्यासगट बसतात, विषयाची सर्व बाजूंनी चर्चा होते आणि ग्रामसभा बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेते. बाहेरून आलेला कार्यकर्ता माहिती देतो, निर्णय देत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

या तिन्ही ठिकाणांच्या आधी, १९४९ पासून, वरोऱ्याला बाबा आमटे यांचे काम सुरू झाले होते. कुष्ठरोग्याला भिक्षा न घालता त्याच्या हाताला काम द्यावे, दानाने माणूस दुबळा होतो आणि श्रमाने उभा राहतो, हा आनंदवनाचा पाया आहे. बाबांकडे समाजकार्याची पदवी नव्हती. ते वकील होते. मग पदवी हवी कशाला, असे कोणी म्हणेल. बाबा आमटे पिढीत एखादाच होतो. सामान्य बुद्धीच्या, सामान्य धीराच्या हजारो तरुणांना हे काम चांगले करता यावे, यासाठी शिक्षण लागते.

व्यापारी घराची विशेष अडचण

आता एका अवघड विषयाकडे यावे लागेल. चंद्रपूर-गडचिरोलीतील अनेक व्यापारी कुटुंबांचा संबंध वनोपजाशी आहे किंवा होता : तेंदूपाने, मोहफुले, हिरडा, डिंक, बांबू. तेंदूच्या हंगामात फळीवर पुडे मोजले जातात, तेव्हा एका बाजूला दिवाणजी असतो आणि दुसऱ्या बाजूला पहाटेपासून रानात वणवण केलेली बाई. वर्षानुवर्षे हिशेबाची वही एकाच बाजूकडे होती. २०१३ च्या सुमारास काही ग्रामसभांनी वनहक्क आणि पेसा कायद्यांच्या आधारे तेंदूपानांचे संकलन व विक्री स्वतः सुरू केली आणि पुढील काही वर्षांत अशा ग्रामसभांची संख्या शेकड्यांवर गेली. व्यवहाराचे पारडे हलले आहे.

अशा वेळी व्यापाऱ्याच्या घरातील मुलगी क्षेत्रकार्यासाठी त्याच गावात गेली, तर लोक तिला आधी 'शेटजींची पोरगी' म्हणून ओळखतील. हे टाळता येणार नाही, आणि लपविणे तर त्याहून वाईट. ज्या गावाशी आपल्या पेढीचा सौदा आहे, तेथे क्षेत्रकार्य न घेणे आणि मार्गदर्शकांना ही गोष्ट प्रारंभीच सांगणे, हा सरळ मार्ग आहे. गावाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जेवणाच्या पानावरही काढायची नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे. 'यंदा त्या ग्रामसभेची बोली काय राहील?' असा प्रश्न बापाने मुलीला विचारू नये. पेशाची मर्यादा घरापासून पाळली गेली नाही, तर ती गावात पाळली जाणे कठीण.

परंतु याच घराने दिलेले एक कौशल्य त्या मुलीजवळ असते आणि त्याची या जंगलात मोठी गरज आहे. ज्या ग्रामसभांच्या खात्यात आता वनोपजाचे मोठे उत्पन्न येते, त्यांना जमाखर्च, पावत्या, बँकेचे व्यवहार, करविवरण आणि कराराच्या अटी समजून घ्यायच्या असतात. वही वाचता येणारी आणि ती दुसऱ्याला शिकविण्याची तयारी असलेली कार्यकर्ती तेथे दहा भाषणांपेक्षा मोलाची आहे. पिढ्यान्‌पिढ्या जी विद्या एका बाजूला राहिली, ती दुसऱ्या बाजूला देणे, हे ज्ञानदानच होय.

अन्नाचा, पाळीचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न

आपल्या घरांची पहिली काळजी आहाराची असते आणि ती योग्य आहे. क्षेत्रकार्याला जाणाऱ्या विद्यार्थिनीने आपले व्रत सोडण्याचे काहीच कारण नाही. उकळलेले पाणी, सोबत नेलेले खाखरे-दशम्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवण, हे सांभाळता येते. 'मी हे खात नाही, पण तुमच्या अंगणात बसून माझा डबा खाईन' असे प्रथमच सांगितले, तर लोक मनाला लावून घेत नाहीत. मनाला लागते ते नाक मुरडणे. आदिवासींचे अन्न, मोहाची दारू किंवा देवाला दिलेला बळी पाहून चेहऱ्यावर तिरस्कार उमटला, तर पुढील सहा महिन्यांचे काम त्या क्षणी संपले असे समजावे.

अशीच कसोटी कुर्माघराची. माडिया-गोंड गावांत मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रिया गावाच्या कडेला असलेल्या वेगळ्या झोपडीत राहतात. पावसाळ्यात ती झोपडी गळते, सापविंचवाचे भय असते, आजारी बाई तेथे एकटी पडते. शिकणाऱ्या मुलीला वाटेल, ही प्रथा उद्याच बंद झाली पाहिजे. पण काही स्त्रिया म्हणतात, निदान चार दिवस विसावा मिळतो. झोपडी तेवढी नीट करा. मग पक्की, स्वच्छ कुर्माघरे बांधावीत, की त्यामुळे प्रथाच पक्की होईल? या प्रश्नावर कार्यकर्त्यांमध्येही मतभेद आहेत. आपल्याही अनेक घरांत पाळीचे नियम पाळले जातात, हे स्मरणात ठेवून त्या अंगणात गेलेली मुलगी अधिक नम्रपणे ऐकेल आणि तेथे शिकलेले काही प्रश्न कदाचित घरीही घेऊन येईल. त्याची तयारी घराने ठेवावी.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. गडचिरोलीच्या दक्षिण भागाने दीर्घकाळ हिंसाचार पाहिला आहे, आणि ताडोबाच्या परिसरात माणूस व वाघ यांचा संघर्ष आजही चालू आहे. पावसाळ्यात भामरागडसारख्या भागातील गावे पुराने तुटतात. म्हणून विद्यार्थ्यांना कोठे पाठविले जाते, सोबत कोण असते, मुक्काम कोठे, मलेरियापासून बचावाची व्यवस्था काय, हे पालकांनी महाविद्यालयाला जरूर विचारावे. हा अविश्वास नव्हे. ज्या महाविद्यालयाकडे या प्रश्नांची नीट उत्तरे आहेत, तेथेच क्षेत्रकार्य गांभीर्याने होते, असे समजायला हरकत नाही.

पोटापाण्याचे काय?

या पेशात धन नाही, हे खरे. नोकऱ्या मात्र आहेत : रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवा विभाग, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, महिलांसाठी समुपदेशन केंद्रे, आदिवासी विकासाच्या योजना, बचतगटांचे अभियान, स्वयंसेवी संस्था. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, तेव्हापासून कोळसा, वीज, कागद आणि लोहखनिज यांच्या या पट्ट्यात अशा कामांसाठी प्रशिक्षित माणसे लागतात. मात्र पुष्कळ पदे कंत्राटी आहेत आणि मानधन वेळेवर मिळेलच असे नाही. डॉक्टर-वकिलांप्रमाणे सर्व समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद देशात अद्याप नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, एवढेच.

सेवेचे वेतन घ्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. वेतन घेणारा माणूस रोज येतो, अहवाल देतो, चूक झाली तर त्याला जाब विचारता येतो. हौसेने आलेला माणूस पर्युषण संपले की दिसत नाही. अत्याचार सोसलेल्या बालकाच्या वाट्याला असा पाहुणा येऊ नये. पाठशाळेतील पंडितजींना आपण मानधन देतो, म्हणून त्यांचे ज्ञानदान उणे ठरत नाही.

तयारी कशी करावी

प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने एखाद्या संस्थेत काही आठवडे राहून पाहावे. 'सर्च'चा निर्माण हा युवकांसाठीचा उपक्रम २००६ पासून चालू आहे. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला महाराष्ट्रभरातून तरुण येतात. गोंडी किंवा माडिया भाषेतील शंभर वाक्ये पाठ करावीत. दुभाष्यामार्फत दुःख नीट कळत नाही. पेसा, वनहक्क, कौटुंबिक हिंसाचार, बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण आणि बालन्याय या विषयांचे कायदे मुळातून वाचावेत. संगणकावर तक्ते करता यावेत आणि सरकारी कार्यालयात अर्ज लिहिता यावा. आणि दोन वर्षांच्या शेवटी होणारा लघुप्रबंध दुसऱ्याकडून लिहवून घेऊ नये.

घरांनी आणि श्रीसंघांनी करण्यासारखेही पुष्कळ आहे. १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. इतक्या मुलांचे मन सांभाळणे हे केवळ निवास-भोजनाचे काम नसते. आपल्या न्यासांनी ब्लँकेट वाटपाच्या अंदाजपत्रकातून एक भाग काढून समाजकार्याच्या दोन विद्यार्थ्यांचे शुल्क आणि क्षेत्रकार्याचा प्रवासखर्च उचलावा. त्यांतील एक विद्यार्थी आदिवासी कुटुंबातील असावा, कारण या जंगलाला आपल्या भाषेत बोलणारे कार्यकर्ते अधिक हवे आहेत. दवाखाना किंवा वसतिगृह चालविणाऱ्या न्यासाने एका प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याचे पद पूर्ण वेतनावर निर्माण करावे. आणि वाटपाचे छायाचित्र काढण्यापूर्वी घेणाऱ्याला विचारावे.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपण लहानपणापासून ऐकतो. पहिली दोन पैशाने देता येतात, तिसऱ्याला विद्या लागते. चौथ्यासाठी मात्र कोणीतरी त्या माणसाजवळ जाऊन बसावे लागते, त्याची भाषा यावी लागते, कायदा ठाऊक असावा लागतो आणि उद्याही परत यावे लागते. ते शिकण्यासाठी घरातील मुलगी दोन वर्षे मागत असेल, तर ती द्यावीत. आणि स्थळ पाहायला आलेल्यांनी विचारले, तर मुलगी समाजकार्यकर्ती आहे, असे सनदी लेखापाल म्हणावे तितक्याच सहजपणे सांगावे.